गुरुत्वाकर्षण सुरू कोणी केलं?

एल बोल्सोन,
शनिवार दुपार (सगळे झोपलेले आहेत, किंवा तसं दाखवत आहेत)

ती. ओफेलिया आत्येस,

नेरेआचा नमस्कार, आणि उजव्या गालावर एक मोठा मुका. चष्मा काढून घे म्हणजे नीट बसेल.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू स्वतः करतेस, की नुसतेच शेजारणीला शिकवतेस? बाहिया ब्लांकाचा वारा तिकडेच ठेव, आमच्याकडे थंडीला आधीच तोंड फुटलंय. पॉप्लरची झाडं पिवळी झाली, डोंगराच्या माथ्यावर बर्फ बसला आणि बाबांनी लाकडं फोडून भिंतीपाशी रचून ठेवली. आईची पाठ बरी आहे. बाबांचा खोकला त्यांच्या मते गेलाय, आमच्या मते इथेच आहे. रुफिनो मामाचं पोट सुटलंय (तो म्हणतो, गणवेश आटला). टुको कुत्रा फेसाच्या प्रकरणातून सावरलाय, फक्त कुठे यंत्राची घरघर ऐकली की पलंगाखाली जातो. मी स्वतः ठणठणीत आहे. झोप तेवढी उडाली आहे, कारण या घरात मला कोणीतरी फसवतंय.

हे मी फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बोलायला लागलं की आई त्याच खोलीत वाटाणे सोलायला येते. घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहावं, तर सगळे संशयित त्याच गटात आहेत आणि त्यातला एक तर गटाचा प्रमुख आहे. शिवाय या पाकिटात एक वस्तू आहे, ती फोनमधून जाण्यासारखी नाही. तिच्याबद्दल शेवटी सांगते. आधी सगळं मुळापासून सांगायला हवं, कारण तुझ्याशिवाय माझा कुणावर विश्वास उरलेला नाही.

तुला आठवतंच, अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन मी घरी आले तेव्हा बाबांनी तो कागद काचेत घालून फ्रिजच्या वर टांगला. आपल्या घराण्यातला असा पहिलाच कागद. गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसालासुद्धा बाबा तो दाखवतात. पण त्या कागदाखाली बसून त्याच घरात जे चालतं ते पाहून माझा जीव खालीवर होत होता. बाबा इतकी वर्षं मागच्या शेडमध्ये बिअर करतात, ती आंबवण्याच्या टाकीतून पिंपात कशी नेतात हे तू लहानपणापासून पाहिलंयस (बहुतेक तूच त्यांना शिकवलंस). पाइपचं एक टोक टाकीत सोडायचं, दुसरं तोंडात धरायचं, गाल आत ओढायचे, डोळे मिटायचे आणि बिअर जिभेला लागली की टोक झटकन पिंपात टाकायचं. मग ती आपली आपण उतरत राहते. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं की बिअर बाबांमधूनच येते.

पण पाच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुलीनं हे कसं बघायचं? माणसाच्या तोंडात काय काय राहतं ते मी एका रविवारी सगळ्यांना जेवताना समजावून सांगितलं. आईनं शांतपणे मांसाचं ताट उचललं आणि झाकून ठेवलं. मामा म्हणाला, "एवढे सगळे तोंडात राहतात आणि भाडं एकही देत नाही?" त्याच आठवड्यात मी येर्बाच्या पानांचा कडू चहा पिण्यासाठी माझी वेगळी नळी मागितली. आत्या, मी जणू काहीतरी अभद्रच बोलले. तुंबा हातोहात फिरत होता तो मध्येच थांबला. आईनं माझ्या कपाळावर हात ठेवला. बाबांनी हळूच विचारलं, "नेरे, कुणाशी भांडलीस का?" एका नळीनं सगळं स्वयंपाकघर पितं, त्यातून जो उठतो तो एकतर आजारी किंवा रागावलेला, तिसरा प्रकार या खोऱ्यात नाही. मी येर्बाचा नाद सोडला. सुधारणा एका वेळी एकाच आघाडीवर करावी असं माझं मत आहे. बिअरची आघाडी मात्र मी सोडली नाही.

म्हणून करार झाला. अग्निशामक दलाच्या वर्धापनदिनाला दर वर्षी आमच्या शेडमधलं पिंप जातं. बाबा म्हणाले, या वर्षीचं पिंप तू कर, तुझ्या पद्धतीनं कर. दलाच्या लोकांनी पिंपाचा तळ पाहिला तर शेड तुझी, तिथे तुझ्या काचेच्या नळ्या मांड, प्रयोगशाळा कर, काय हवं ते कर. पिंप अर्धं परत आलं तर शेड शेजारच्या क्रूसेंना, त्यांच्या बोटीसाठी. (ते तीन हिवाळे मागताहेत. बोट त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली असते आणि ते तिच्याकडे असं बघतात जसं आजारी गाईकडे बघावं.) आणि बाबांनी शब्द दिला की टाकीच्या पाइपला ते तोंड लावणार नाहीत. मीही शब्द दिला. माझा शब्द मी पाटीवर रंगवला आणि ती पाटी दलाच्या सभागृहात लावून आले: 'मानवी मुखाचा स्पर्श न झालेली बिअर.' कमांडंट मियावाल यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "वाचून तहान जाते गं, पण असू दे."

आता पंपांकडे येते. पहिला पंप रुफिनो मामानं आणला. मामा दलात स्वयंसेवक आहे हे कुणाला माहीत नाही असं होऊ नये म्हणून तो बेकरीतही हेल्मेट घालून जातो. त्यानं केंद्रातून एक छोटा पंप 'पाच मिनिटांसाठी' उचलून आणला. छोटा म्हणजे त्यांच्या हिशेबानं छोटा. पेटलेल्या गोठ्यावर नदीचं पाणी फेकायला तो बनवलेला आहे. मी म्हटलं, मामा, दाब जास्त होईल. तो म्हणाला, "इंजिनिअरीणबाई, दाब कमी असला तर डॉक्टर लागतो. जास्त असला तर काम होतं." आणि त्यानं दोरी खेचली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कारण मी डोळे मिटून खाली बसले होते. बिअर पिंपात गेली नाही एवढं नक्की. ती छतावर गेली, तिथून दिव्यावर, दिव्यावरून टुकोवर, आणि उरलेली सगळी फेस होऊन खिडकीतून बाहेर पडायला लागली. क्रूसेंनी आपल्या अंगणातून ते पांढरं पांढरं पाहिलं आणि धूर समजून दलाला फोन केला. भोंगा वाजला. आत्या, मामाच्या कानांतून बिअर गळत होती, पण भोंगा ऐकताच त्यानं पंप टाकला, सायकल घेतली, केंद्रावर गेला, गणवेश चढवला, बंबावर उभा राहिला आणि घंटा वाजवत परत आमच्याच शेडपाशी आला. खाली उतरून सरकारी आवाजात विचारतो, "इथं जबाबदार कोण?" जबाबदार कोण ते आईनं त्याला सांगितलं. कमांडंटनी टोपी काढून छातीशी धरली, इतकं ते सविस्तर होतं. मामा अजून बंब धुतोय.

दुसरा पंप मी स्वतः बारीलोचेहून आणला. हातात मावेल एवढा, स्टीलच्या डोक्याचा, दिसायला अगदी दवाखान्यातला. (तुझ्या दंतवैद्यांकडे असतो तसा. तुला तो लगेच आवडला होता.) दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, हा आपोआप ओढतो. तुम्ही बटण दाबा आणि बघत राहा." मी टाकीजवळच्या बाकावर तो बसवला, पाइपांची टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली आणि पंपाच्या तोटीवर घट्ट चढवली, बटण दाबलं आणि बघत राहिले. पंप गुरगुरला. बिअर हलली नाही. मी जोड तपासले, पाइप तपासला, देवाचं नाव घेतलं, शेवटी दुकानात फोन करायला घरात गेले. दुकान दुपारचं बंद. परत येऊन पाहते तर पाइपमधून मधासारखी बिअर सरळ पिंपात उतरत होती! बाबा दारातल्या स्टुलावर बसून लाकूड तासत होते, बाहेर बघत. "लागला ना?" एवढंच म्हणाले. मी त्या पंपाचा मुका घेतला, हे मी तुलाच सांगते.

तेव्हापासून दर खेपेला हेच. बटण दाबायचं, गुरगुर, बिअर ढिम्म. मी काहीतरी आणायला म्हणून बाहेर जाते, येते तर धार लागलेली. मी यावर विचार केला आणि एक उपपत्ती मांडली की पंपाला तापायला वेळ लागतो. जेवताना सगळ्यांना समजावून सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या, माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजायला हवी होती. आपल्या घरात कोणी कधी कशाला मान डोलावलीय? मीठ खारट आहे म्हटलं तरी मामा वाद घालतो. आणि नंतर तर पंपाचं कौतुकच सुरू झालं. आई म्हणते, "किती गुणी आहे गं, कुणाच्या अध्यात ना मध्यात." मामा म्हणतो, दलानं असेच घ्यायला हवेत. क्रूसे, ज्यांना माझं पिंप फसलं तर शेड मिळणार आहे, तेसुद्धा कुंपणावरून ओरडतात, "काय मुली, ओढतोय ना आपला पंप?" आपला! ज्या घरात मला पदवी मिळाली तेव्हा 'बरं झालं, आता जेवून घे' एवढंच म्हटलं गेलं, त्या घरात एका यंत्राचं इतकं कौतुक कशासाठी?

फक्त तू वेगळी होतीस. ईस्टरला आली होतीस तेव्हा मी बूच शोधायला बाहेर गेले होते आणि परत आले तर तू पंपाशेजारी पाय लांब करून बसली होतीस. तू उगाच कौतुक केलं नाहीस. रुमालानं ओठ टिपत एवढंच म्हणालीस, "चांगला ओढतोय हो." म्हणून तर हे पत्र तुला.

मग पुरावे सापडायला लागले. आधी पाइप धुताना त्याच्या बाहेरच्या टोकात येर्बाचं एक हिरवं पान चिकटलेलं दिसलं. बिअरमध्ये येर्बा नसते. येर्बा तोंडात असते. पण कुणाच्या? या खोऱ्यात येर्बाचं पान ज्याच्या दातात नाही असा माणूस सापडणं अवघड. मग परवा मी शेडमध्ये आले तर धार छान लागलेली होती आणि पंपाची वायर भिंतीतून निघून जमिनीवर पडलेली होती. माझ्या शिक्षणाचा अपमान करू नकोस, हे कसं होतं ते मला कळतं. टाकी उंचावर, पिंप खाली, पाइप एकदा भरला की पंप असो नसो, बिअर गुरुत्वाकर्षणानं उतरते. पण गुरुत्वाकर्षण सुरू कोणी केलं? पाइप आधी कोणीतरी भरावा लागतो. आणि तो आपोआप ओढणारा पंप आजवर एक घोटही आपोआप ओढू शकलेला नाही, हे मला त्या जमिनीवर पडलेल्या वायरीनं सांगितलं.

मी पहारा ठेवला. दुपारी सगळे झोपायला गेल्यावर बटण दाबलं, मोठ्यानं 'मी गावात जातेय' म्हणाले, फाटक आपटलं आणि मागून येऊन भाजलेल्या सातूच्या पोत्यांमागे लपले. पोती उबदार असतात. सातूचा वास तुला माहीत आहे, ताज्या पावासारखा. मी डोळे क्षणभरच मिटले असतील. उघडले तेव्हा धार लागलेली होती आणि माझ्या अंगावर घोंगडी घातलेली होती. आत्या, गुन्हेगार माझ्यावर पांघरूण घालून गेला! इतका निर्ढावलेला माणूस मी पाहिला नाही.

माझा संशय आधी क्रूसेंवर होता. हेतू त्यांच्याकडे आहे (बोट). ते रोज साखर मागायला रिकामा कप घेऊन येतात आणि कप विसरून जातात. मंगळवारी ते शेडमधून मिश्या पुसत बाहेर आले. मी विचारलं, तर म्हणाले, "मुली, मी बोटीसाठी माप घेत होतो." हातात टेप नव्हता. मी टेपबद्दल विचारलं, तर म्हणाले, नजरेनं घेत होतो. मामानं स्वतःच्या हेल्मेटवर हात ठेवून शपथ घेतली, पण तो मोठा पंप छोटा आहे अशीही त्यानं त्याच हेल्मेटची शपथ घेतली होती. आईच्या एप्रनला बिअरमधल्या हॉप्सचा कडवट वास येतो. ती म्हणते, साबण बदललाय. साबण मी बघितला, तोच आहे.

आणि बाबा. बाबांना मी सगळ्यात आधी यादीतून काढलं, कारण त्यांनी शब्द दिलाय. पण रोज दुपारी पडल्या पडल्या माझं मन पुन्हा तिथेच जातं. ते पाइपला तोंड लावतील याची मला भीती नाही, बॅक्टेरियांना मी बघून घेईन. भीती अशी आहे की ते जर बाबा असतील, तर माझा पंप चालत नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून ते लाकूड तासत 'लागला ना' म्हणाले. मग ती शेड मी कमावणार नाही, ती मला खेळण्यासारखी दिली जाणार. फ्रिजच्या वरचा तो कागदही मग तसाच, पाहुण्यांना दाखवायचा. आत्या, मला शेड हवी आहे, पण अशी नको. आणि माझी पाटी खोटी असेल तर ती मीच काढणार, मग पिंप परत आलं तरी चालेल आणि बोट माझ्या टेबलाच्या जागी उभी राहिली तरी चालेल. फक्त खरं काय ते मला कळायला हवं, उशिरा का होईना. वर्धापनदिन उद्याच आहे, तुझं उत्तर तोवर यायचं नाही.

आईचा, बाबांचा नमस्कार (त्यांना न विचारता लिहिला आहे).

तुझी एकट्या तुझ्यावर विश्वास असलेली भाची,
नेरेआ

ता.क. आता खरं काम. पाकिटात पाइपचा एक तुकडा आहे, बाहेरच्या टोकाचा, मी सुरीनं कापला. घाबरू नकोस, तो धुतलेला आहे. गरम पाण्यानं मऊ झालेल्या प्लास्टिकवर दातांच्या खुणा उमटल्या आहेत आणि थंड होताना तशाच राहिल्या आहेत. मी त्या भिंगातून पाहिल्या. इतके दात एका माणसाच्या तोंडात मावणार नाहीत. काही वेळ मी टुकोवरही संशय घेतला, पण टुको पंपाजवळ येत नाही. तू सगळी हयात दंतवैद्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून काढलीस, आमच्या सगळ्यांचे दात तुला पाठ आहेत: बाबांचा पुढचा तुटका, आईचा दातांचा पूल, मामाचा सोन्याचा. क्रूसेंची कवळीही तुझ्याच हाताखालून गेली होती असं तू एकदा म्हणालीस. एवढं बघून नाव कळव. नाव चिठ्ठीत लिही, गटावर टाकू नकोस.

ता.क. २ (सोमवार). पोस्ट शनिवारी दुपारनंतर बंद होतं हे मी विसरले, म्हणून पत्र अजून माझ्याकडेच आहे आणि आता ते अर्धं निरुपयोगी झालं आहे, तरी वाच.

काल सभागृहात सगळं गाव होतं. बाहेर कोकरं निखाऱ्यावर चढलेली, आत भिंतीवर माझी पाटी. आमच्या पिंपाचा जोड त्यांच्या नळाला बसेना, म्हणून बिअर त्यांच्या पिंपात ओतावी लागणार, सगळ्यांच्या देखत. मी म्हटलं, काही हरकत नाही, माझा पंप आहे. आमचं पिंप टेबलावर चढवलं, पंप जोडला, बटण दाबलं. गुरगुर. बिअर ढिम्म. मी गावाकडे बघून हसले. गाव माझ्याकडे बघत होतं. या वेळी बाहेर जायला काही निमित्त नव्हतं.

आणि तेव्हा, आत्या, चार माणसं एकदम पुढे आली. डावीकडून बाबा, उजवीकडून आई, मागून मामा, आणि खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत क्रूसे. चौघांचे हात एकाच पाइपकडे. चौघंही थांबले. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. असे चेहरे मी कधीच पाहिले नाहीत. कारण, हे मला तेव्हा कळलं, प्रत्येकाला वाटत होतं की तो एकटाच आहे.

"तू?" आई बाबांना म्हणाली.

"पहिल्यांदा फक्त," बाबा म्हणाले. "रडवेली झाली होती गं ती. शब्द मोडला, पण एकदाच. मग म्हटलं, पुढच्या खेपेला बघू, तर पुढच्या खेपेला मी जाईपर्यंत आपोआप चालू! मला वाटलं, खरंच तापतो."

"आपोआप कसला, मी होते!" आई म्हणाली.

"आणि त्याच्या पुढच्या खेपेला मी," मामा म्हणाला, आणि हेल्मेट काढून हातात घेतलं.

क्रूसे म्हणाले, "मी दोनदा. तुमच्या घरात कोणी जागं नव्हतं, मुली, आणि तो बिचारा एकटाच गुरगुरत होता."

"पण तुम्हाला शेड हवीय ना?" मी म्हटलं.

"बोटीला बाहेरची हवा मानवते," ते म्हणाले आणि छताकडे बघायला लागले.

घोंगडी कुणाची ते मी विचारलं नाही, ती बोटीच्या ताडपत्रीखालून आणलेली होती हे मला वासावरून आधीच कळायला हवं होतं.

बाबांना वाटत होतं तो तापतो! म्हणजे माझी उपपत्ती कुणीतरी खरी मानली होती. आत्या, इतक्या दिवसांत मला झालेला तो पहिला निव्वळ आनंद. मी खुर्चीवर चढले आणि पाटी काढली. सगळ्यांना सांगितलं की हे खोटं आहे, या बिअरला निदान चार तोंडं लागली आहेत, ज्याला नको असेल त्यानं पेला खाली ठेवावा. कोणी पेला ठेवला नाही. कमांडंट मियावाल हातातला तुंबा शेजारच्याकडे देत म्हणाले, "पोरी, हे सगळं सभागृह सकाळपासून एका नळीनं येर्बा पितंय. चार तोंडांचं काय घेऊन बसलीस? ओत."

ओत म्हणाले, पण पंप तसाच गुरगुरत होता. चौघं पुन्हा पुढे सरकले. मी हातानं त्यांना थांबवलं, पंप बंद केला आणि पाइप तोंडात धरला. गाल आत ओढणं दिसतं तितकं सोपं नाही, हे कुठल्याही पुस्तकात नाही. पहिल्यांदा हवा आली, दुसऱ्यांदा फेस, आणि तिसऱ्यांदा इतकी बिअर आली की माझे डोळे पांढरे झाले. मी थुंकायला जागा शोधत होते, तर बाबा कानाशी म्हणाले, "थुंकायचं नसतं, नेरे." मी गिळली. चांगली झाली आहे आत्या, खरंच चांगली झाली आहे. कोकरं संपायच्या आत पिंपाचा तळ दिसला. घरी आल्यावर बाबांनी शेडची किल्ली माझ्या टोपीच्या खुंटीला अडकवली आणि झोपायला गेले. मी आईकडे येर्बाचा तुंबा मागितला. वेगळी नळी मागितली नाही. तिनं तरी माझ्या कपाळाला हात लावून पाहिलाच.

ता.क. ३. तेव्हा तो पाइपचा तुकडा तपासायची आता गरज नाही, पण तो टाकून देऊ नकोस, परत पाठव. कापल्यापासून पाइप पिंपाच्या तळापर्यंत पोचत नाही आणि बिअर फार फेसाळते. जोडायचा कसा ते मी बघेन.

ता.क. ४. पाकीट बंद करण्याआधी मी भिंग घेऊन तुकडा शेवटचा पाहिला, निव्वळ शास्त्रीय समाधानासाठी. बाबांचा तुटका दात जुळला. आईचा पूल जुळला. मामाचा सोन्याचा, तो खोल रुततो, जुळला. क्रूसेंची कवळी दोनदा. आणि या सगळ्यांच्या वर, अगदी टोकाला, एक खूण उरली. बारीक, सरळ, एकही दात वाकडा नाही, एकही कमी नाही. तसे दात आपल्या सगळ्या कुटुंबात एकाच व्यक्तीचे आहेत, आणि ती ईस्टरला रुमालानं ओठ टिपत होती.

मी रागावलेली नाही. आजारीही नाही. उपाय साधा आहे तो मला आता कळलाय: टाकीच्या तळाशी तोटी बसवायची, पंप तिच्याही खाली ठेवायचा, म्हणजे बिअर स्वतःच त्याच्यात उतरेल आणि कुणालाच तोंड लावावं लागणार नाही. तोटी मी आजच आणली. बसवायची तशी घाई नाही. पुढची खेप जूनच्या हिवाळी सुट्टीत आहे. बटण दाबून मी थोडा वेळ बाहेर जाईन. तू ये.